न दुखणारा पाय

लान-इंग लेकीचं बाळंतपण उरकून एकतीस दिवसांनी घरी आली तेव्हा तिचा नवरा मू-शान दारातच उभा होता, आणि त्याच्या पायांत मोजे होते.

तैवानच्या चेंगगोंग बंदरात जून महिन्यात कुणी मोजे घालत नाही. मू-शाननं तर ते एरवीही कधी घातले नव्हते. चाळीस वर्षं तो भालाईत होता. थंडीत ईशान्येचा वारा सुटून समुद्र खवळला, की नावेच्या नाकापुढे काढलेल्या फळीवर जाऊन उभं राहायचं, दोन्ही पावलं पट्ट्यांत अडकवायची आणि लांब चोचीचा मासा पाण्याखाली निळा चमकला की सगळं अंग झोकून भाला मारायचा. तिथं हातांना धरायला काही नसतं; माणूस पावलांनी नाव धरून उभा असतो. साठी उलटली, रक्तातली साखर वाढली, नजर मंदावली, म्हणून तो नावेवरून उतरला. तरी जमिनीवरही तो पाय फाकवूनच चालायचा. आज मात्र तो म्हाताऱ्या बदकासारखा उजवा पाय चोरून चालत होता.

"मोजे कशाला?" हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं.

"थंडी वाजते."

"जूनमध्ये?"

तो पिशवी उचलायला वाकला, आणि तेवढ्यात तिला वास आला.

तीस वर्षं बंदराच्या तोंडाशी तीन खुर्च्यांचं दुकान मांडून लान-इंग लोकांची पावलं दाबत आली होती. घामाचा वास, मासळीच्या बर्फाचा वास, चिखल्यांचा, रबरी बुटात कुजलेल्या पाण्याचा, सगळे तिच्या नाकाच्या ओळखीचे होते. हा वास त्यांतला नव्हता. तिनं नवऱ्याला खांदे धरून स्टुलावर बसवलं आणि मोजा उतरवला.

अंगठ्याखालच्या उंचवट्यावर लिचीएवढी काळी जखम होती. भोवतालची कातडी वाफवलेल्या पावासारखी पांढरी फुगलेली, आणि तिथून घोट्यापर्यंत जांभळट लाली चढत गेलेली. टाचेवर आणि मधल्या खळग्यात जुने-नवे गोल डाग होते, पिवळे, हिरवे, काही अजून निळे. सगळे एकाच मापाचे. बोथट दांडीच्या टोकाचे.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही गं. खरंच नाही. म्हणून तर एवढं मनावर घेतलं नाही."

शेजाऱ्याची गाडी मागून ती त्याला त्याच पावली ताइतुंगच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं पाय पाहिला, डाग पाहिले, मग कागद पाहिला. कागदावर बायकोचा धंदा लिहिला होता. त्यानं लान-इंगच्या हातांकडे नजर टाकली. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या कडेला कवडीसारखे घट्टे होते.

"हे तुम्ही दाबलेत?"

लान-इंगनं तोंड उघडलं, तेवढ्यात मू-शाननं तिचं मनगट पकडलं. "घरीच दाबले," तो म्हणाला. "घरच्या घरी."

मग डॉक्टरनं तिला झापलं. आवाज न चढवता, पण नर्सेस ऐकत होत्या, पडद्याआडचे पेशंट ऐकत होते. साखरेनं ज्याच्या पायांच्या नसा मेल्यात त्याला लाकडी दांडीनं दाबता? त्याला दुखत नाही म्हणजे त्याला कळत नाही, एवढंही तीस वर्षांत समजलं नाही? कातडी आतून फुटली, वर दिसेपर्यंत हाडाला लागली. लान-इंग मान खाली घालून उभी राहिली. हे सगळं तिला पाठ होतं. डॉक्टर जन्मला नव्हता तेव्हापासून पाठ होतं. नवऱ्याला साखर निघाली त्या दिवसापासून, म्हणजे आठ वर्षं, तिनं त्याच्या पावलावर अंगठ्याचा भार टाकला नव्हता. रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, तळवा दिव्याशी धरून बघायचा, टाचेला तेल लावायचं, संपलं. आणि आता एक पोरगा तिला हे शिकवत होता, आणि नवऱ्यानं मनगट सोडलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा आणि शेजारचं बोट काढलं.

शुद्धीवर आल्यावर मू-शाननं सांगितलं. ताईनं दाबले होते. त्याची थोरली बहीण फेंग-च्याव, लान-इंगची नणंद. बहात्तर वर्षांची विधवा, दोन गल्ल्या सोडून एकटी राहणारी. आई लवकर गेल्यावर हिनंच मू-शानला पाठीवर बांधून वाढवलं होतं. गेल्या वसंतापासून ती दर बुधवारी माझू देवीच्या देवळाच्या अंगणात जायची. तिथं कुओ मास्तर 'घरच्या घरी पाय दाबा' म्हणून वर्ग घ्यायचे. येणाऱ्या प्रत्येकाला एक गुळगुळीत लाकडी दांडी मिळायची आणि तळव्याचा रंगीत तक्ता मिळायचा. लान-इंग लेकीकडे गाओशिओंगला गेली, आणि तिसऱ्याच संध्याकाळी वन्सं दांडी घेऊन भावाच्या दारात हजर झाल्या.

"तिला वाटायचं, तू साऱ्या गावाचे पाय दाबतेस आणि माझ्याच पायांना हात लावत नाहीस," मू-शान म्हणाला. "तिच्या मनाला ते लागलं होतं. वर्षानुवर्षं."

"तू तिला सांगितलं नाहीस, मी का लावत नाही ते?"

"सांगितलं होतं. तिला वाटलं, मी तुझी बाजू घेतोय."

"आणि मला फोनवर? रोज फोन करत होते मी. जेवलास का, गोळी घेतलीस का. रोज."

"आपल्या पेई-रूला बाळंतपणाचे टाके होते. तू निम्म्यातून पळत आली असतीस." तो छताकडे बघत राहिला. "आणि ताई इतकी खुशीत होती गं. येताना रताळ्याची पेज आणायची. दाबता दाबता लहानपणच्या गोष्टी सांगायची. मला कळतच नव्हतं काही, तर म्हटलं बसू दे."

"दोन बोटं दिलीस," लान-इंग म्हणाली. "बहिणीला करमावं म्हणून तू पायाची दोन बोटं दिलीस."

तो रडायला लागला. लान-इंगला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. त्यानं तिच्याकडून वचन मागितलं की गावात ताईचं नाव काढायचं नाही. तिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लान-इंगनं वचन दिलं. दात आवळून दिलं, आणि बाहेर जाऊन इस्पितळाच्या जिन्यात बराच वेळ उभी राहिली.

ते घरी परतायच्या आधीच बातमी बंदरात पोचली होती. पाय दाबणारीनं स्वतःच्याच नवऱ्याचा पाय सडवला. दुपारी मासळीचा लिलाव संपला की जे लोक रबरी बूट काढून तिच्या दुकानात शिरायचे, ते आता समोरून नमस्कार करून पुढे जाऊ लागले. तीन खुर्च्या पुसायच्या आणि तीन खुर्च्यांकडे बघत बसायचं. कोपऱ्यावरच्या सुपारीवालीनं तर हसत हसत म्हटलं, "लान-इंग, रागावू नकोस हं, पण माझी दहाच्या दहा बोटं मला सांभाळायचीत." लान-इंगला वाटलं, तिची सुपारीची परात रस्त्यावर उलटी करावी. ती नुसती, बरं, म्हणाली.

रोज सकाळी फाटकाच्या कडीला स्टीलचा डबा लटकलेला असायचा. जखम भरून यावी म्हणून केलेलं जिताड्यासारख्या माशाचं सूप, आल्याच्या चकत्या घातलेलं, अजून वाफाळतं. वन्सं डबा अडकवून निघून जायच्या, आत पाऊल टाकत नव्हत्या. लान-इंग ते सूप मू-शानला पाजायची, कारण सुपानं काही केलं नव्हतं. डबा घासून परत कडीला अडकवायची. या देवाणघेवाणीत दोघींचं एक अक्षर बोलणं झालं नाही. एकदा मू-शान म्हणाला, ताईला आत बोलाव. लान-इंग म्हणाली, तुझी बहीण आहे, तुला जाता येत असेल तर तू जा. त्याला अर्थातच जाता येत नव्हतं. हे बोलून तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेनं राग आणखी वाढला.

तिसऱ्या बुधवारी तिनं दुकान बंद केलं आणि देवळाकडे निघाली.

कुओ हान-वेनला ती ओळखत नव्हती असं नाही. चांगलंच ओळखत होती. पंधरा वर्षांपूर्वी मासे डबाबंद करायचा कारखाना बुडाला तेव्हा तो तिच्याकडे आला होता. तिशीतला, दोन पोरांचा बाप, गोड बोलणारा. तीन वर्षं तिच्या हाताखाली राहिला, मग आपलं नशीब काढायला बाहेर पडला. आता त्याचे केस पिकले होते. अंगात पांढरा सदरा, गळ्यात माइक. अंगणात गुलाबी प्लास्टिकच्या स्टुलांवर चाळीसेक माणसं बसली होती, बहुतेक म्हाताऱ्या बाया, काही निवृत्त खलाशी. प्रत्येकाच्या हातात दांडी.

तिला बघताच त्याचा चेहरा फुलला. "या, या. मंडळी, ह्या माझ्या बाई. मी जो काही आहे तो यांच्या दुकानातून." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण काही जण एकमेकांकडे बघत होते.

लान-इंग बसली नाही. "शिकव," ती म्हणाली. "रोज शिकवतोस तसं शिकव. मला ऐकायचंय."

तो जरा चपापला, पण माणूस मुरलेला होता. दाखवायला ठेवलेलं रबरी पाऊल उचलून त्यानं त्यावर दांडी टेकवली आणि समजावून सांगितलं. तळव्यावर सगळ्या शरीराचा नकाशा असतो. जिथं दाबल्यावर दुखतं, तिथं त्या अवयवाचा रोग. आणि जिथं दुखतच नाही तिथं रोग खोल दडून बसलेला असतो. तिथं सोडायचं नाही, दुखेपर्यंत दाबायचं. दुखेपर्यंत, अशी सगळ्यांनी मागून री ओढली, शाळेतल्या पोरांसारखी.

"मू-शानला दुखत नव्हतं," लान-इंग म्हणाली. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "दुखेपर्यंत दाबलं. आता तिथं दुखायला बोटंच नाहीत."

कुओनं माइक बंद केला, तिच्याजवळ आला, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाई, मला फार वाईट वाटलं हो. देवीला उदबत्ती लावली मी त्यांच्यासाठी. पण त्या घरात पाय कोण दाबतं, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. आपल्या हातून झालं ते दुसऱ्याच्या माथी मारू नये."

एक नाव घेतलं असतं तर झालं असतं. वचन जिभेवर दगडासारखं बसलं होतं. ती तशीच उभी राहिली, आणि तिला जाणवलं की गप्प राहणंही लोक कबुलीच समजतायत.

"मी दाबले."

मागच्या रांगेतून आवाज आला. लान-इंगनं वळून पाहिलं. वन्सं उभ्या राहत होत्या, एका हातानं पुढच्या बाईचा खांदा धरून. लान-इंगला माहीतच नव्हतं त्या आल्यात ते. क्षणभर तिचा राग उसळून वर आला: एवढं होऊनही ही बाई इथं शिकायला बसलीय.

"माझ्या हातून झालं," वन्सं म्हणाल्या. "ही तर गावातच नव्हती, लेकीकडे होती. एकोणीस दिवस मी रोज दाबले. आज इथं विचारायलाच आले होते, माझं काय चुकलं ते. पण धीर होत नव्हता." त्या कुओकडे वळल्या. "मास्तर, तुम्हाला आठवतं? भावाला दाबायला लागले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी उठून विचारलं होतं. माझ्या भावाला काहीच कळत नाही, काय करू? तुम्ही म्हणालात, आजी, तुमचा जोर कमी पडतोय. सगळे हसले होते. मग मी घरी जाऊन दोन्ही हातांनी दाबलं."

"तुम्ही त्यांना साखर आहे हे सांगितलं नाहीत, आजी," कुओ म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

कुओचा चेहरा लाल झाला. त्याचं ते गोड हसू गेलं, आणि तो जेव्हा बोलला तेव्हा लान-इंगला त्याच्यातला कारखान्यातून हाकललेला तिशीतला माणूस पुन्हा दिसला.

"मला तरी कुणी सांगितलं होतं? तीन वर्षं होतो बाई मी तुमच्याकडे. टॉवेल धुतले, पाणी उकळलं, पायऱ्या पुसल्या. तुम्ही दाबताना बघून बघून शिकलो. तोंडानं तुम्ही एकदा तरी काही शिकवलंत? कुणी यायचं, तुम्ही त्याच्या पायाला नुसता हात लावायचात आणि म्हणायचात, आज खुर्ची रिकामी नाही, पुन्हा या. खुर्च्या तर रिकाम्या असायच्या. मला वाटायचं, या लोकांशी तुमचं काही भांडण असेल. ते का परत जायचे, सांगितलंत कधी?"

लान-इंगनं कधीच सांगितलं नव्हतं. तो म्हणत होता ते खरं होतं. बंदरातल्या बायका सगळ्यांदेखत साखर आहे म्हणून ऐकून घ्यायला लाजतात. पोटुशी पोर अजून सासूला बोललेली नसते. एखाद्याची एकच पोटरी सुजून गरम लागते, आणि त्याला घाबरवायचं नसतं. म्हणून तिनं खुर्चीचं निमित्त काढलं होतं. ते एक कारण. दुसरं कारण तिनं कुणालाच कधी बोलून दाखवलं नव्हतं: सगळं सांगितलं तर उद्या हा समोर दुकान टाकेल. म्हणून तिनं त्याला हातांचं बघू दिलं आणि डोक्यातलं ठेवून घेतलं.

चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती.

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. तुझ्याबद्दल मनात खोट होती, म्हणून नाही सांगितलं. पण हान-वेन, मी सांगितलं नाही म्हणून तुला माहीत नव्हतं, इथपर्यंत मी ऐकून घेईन. माहीत नसताना तू चाळीस जणांच्या हातात दांडकं दिलंस. ते मी दिलं नव्हतं. आणि त्या बाईनं उठून तुला विचारलं, तेव्हा तू तिला हसलास."

लान-इंगनं त्याच्या गळ्यातला माइक काढून घेतला नाही, तिला त्याची गरज नव्हती. तिनं सगळ्यांना चपला काढायला सांगितल्या. सूर असा होता की लोकांनी निमूट काढल्या. शेजाऱ्याचं पाऊल मांडीवर घ्या. दांडी खाली ठेवा. खाली, मांडीवर नाही. आधी बघा. बोटांच्या मध्ये बघा, टाचेला भेग आहे का बघा, कुठं लाल, कुठं काळं, कुठं गरम. बघितल्याशिवाय ज्यानं दाबलं त्याचे हात मी मोडीन. दोन-तीन म्हाताऱ्या हसल्या. ती हसली नाही.

मग तिनं उदबत्तीच्या पेटीतला पातळ कागद मागून घेतला, त्याच्या वाती वळल्या, आणि एकेकाच्या हातात दिल्या. ज्याचं पाऊल आहे त्यानं डोळे मिटायचे. दुसऱ्यानं वातीचं टोक बोटांना हळूच लावायचं. लागलं की 'हो' म्हणायचं. अंगणभर हो, हो, हो सुरू झालं, गुदगुल्यांनी कुणी पाय ओढून घेतले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक बाई बोलली, "अहो, हे हो म्हणत नाहीयेत."

बर्फाच्या कारखान्यातला आ-गुई होता तो. पन्नाशीचा, पिंपासारखा माणूस. डोळे घट्ट मिटून वाट बघत बसला होता. लान-इंग खाली बसली. तिनं स्वतः वात लावली. अंगठा, दुसरं बोट, करंगळी. आ-गुई गप्प. "सुरू करा की," तो म्हणाला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा वात त्याच्या करंगळीला टेकलेली होती आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. लान-इंगनं विचारलं, साखर तपासलीस? कधीच नाही, तो म्हणाला. बर्फात उभं राहून पाय बधिर होतात असं वाटलं होतं. घरी कोण दाबतं? बायको, दांडीनं, महिनाभर. लान-इंगनं दोन्ही तळवे बोटानं चाचपून पाहिले. डाग होते, कातडी अजून शाबूत होती. "उद्या सकाळी डॉक्टरकडे," ती म्हणाली. "दुपारी नाही. सकाळी. मी तुझ्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहून बघणार आहे तू गेलास की नाही."

त्यानंतर तिनं तिथं आणखी अर्धा तास काढला. घरी दाबायचं तर अंगठ्यानं, लाकडानं नाही. नखं कापून, हात धुऊन. समोरच्याचा चेहरा बघत. चेहरा आखडला की हात सैल. दहा मिनिटं पुष्कळ झाली. ताप असेल, जखम असेल, पोटुशी असेल, पोटरी सुजली असेल, साखर असेल, तर पायाला हात नको, आधी डॉक्टरला विचारा. आणि यानं यकृत बरं होत नाही आणि गाठ विरघळत नाही. बरं वाटतं, झोप लागते, तेवढंच मी तीस वर्षांत पाहिलंय. तेवढं पुरत नसेल त्यांनी माझ्याकडे येऊ नये. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग तक्त्यावरच्या एवढ्या रंगांचं काय? ती म्हणाली, भिंतीला लावा, घर सजेल.

कुओ या सगळ्यात कधी निघून गेला ते तिला कळलं नाही. निम्म्या दांड्या स्टुलांवर राहिल्या. निम्म्या लोकांनी नेल्या. त्याचा वर्ग पुढच्या आठवड्यात उत्तरेकडच्या गावात भरल्याचं तिच्या कानावर आलं. ती आरोग्य कार्यालयात जाऊन लेखी तक्रार देऊन आली, त्यांनी त्याला समज दिली, रोग बरा करण्याचा दावा करू नये म्हणून. तो दावा करायचा थांबला. दांड्या वाटायचा थांबला की नाही, हे तिला कधी नक्की कळलं नाही. कुठं त्याचं नाव निघालं की तिच्या पोटात अजून पेटतं.

आ-गुईची साखर इतकी निघाली की डॉक्टरनं त्याला तिथंच ठेवून घेतलं. त्याची बायको लान-इंगकडे येऊन हात धरून रडली. दुकानात गिऱ्हाईक परत यायला लागलं. सुपारीवाली पहिल्या दिवशी आली, पाय पुढे केले आणि म्हणाली, दहा आहेत, मोजून घे. लान-इंगनं मोजून घेतली. आता कुणाला परत पाठवायचं असेल तर ती खुर्चीचं नाव काढत नव्हती. त्या माणसाला आतल्या खोलीत नेऊन, दार लोटून, कारण सांगत होती. काही जण लाजायचे, काही चिडायचे. एक जण तिला शिव्या देऊन गेला.

मू-शानची जखम पुरती भरायला सप्टेंबर उजाडला. डबा फाटकाला रोज येतच होता. एका सकाळी लान-इंग डबा लटकायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. वन्सं तिला बघून थबकल्या.

"आत या, वन्सं," लान-इंग म्हणाली.

वन्संनी आत येऊन भावाकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे, मग पटकन नजर वळवली. मू-शान काहीतरी विनोद करायला गेला. दोघींपैकी कुणी दाद दिली नाही. लान-इंगनं स्टूल ओढलं, वन्संना त्याच्यासमोर बसवलं, नखं काढायची कात्री आणली, आणि त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं स्वतः कापली. मग तिनं मू-शानचा उजवा हात उचलून वन्संच्या मांडीवर ठेवला.

"पायाला हात लावायचा नाही. कधीच नाही. मी घरात असले तरी नाही, नसले तरी नाही."

"नाही गं बाई."

"हाताला कळतं याला अजून. इथं, अंगठ्याच्या बुडाशी मांसल भाग आहे. अंगठा आडवा ठेवा, टोक रुतवायचं नाही. आतून बाहेर, हळू. त्याच्या तोंडाकडे बघा, माझ्याकडे नाही."

वन्संनी अंगठा टेकवला. मू-शानच्या तळहातावर जुन्या दोरांचे चरे होते, त्यांच्यावरून तो अंगठा अडखळत सरकत होता.

"तू मला माफ केलंस का?" वन्संनी खालीच बघत विचारलं.

"नाही," लान-इंग म्हणाली. "जोर कमी करा. आणखी कमी."

"रागावलीच आहेस अजून."

"आहे. याच्यावर पण आहे. माझ्यावर पण आहे. ते बाजूला राहू द्या, तुम्ही हाताकडे लक्ष द्या."

मू-शान म्हणाला, जरासं लागतंय पण बरं वाटतंय. वन्संनी लगेच हात उचलला, घाबरून. लान-इंगनं तो धरून पुन्हा खाली ठेवला आणि सांगितलं, 'लागतंय' कुठलं आणि 'बरं लागतंय' कुठलं हे त्याला विचारत जा, तोंड दिलंय त्याला देवानं. मग ती चुलीवर पाणी ठेवायला आत गेली. दाबून झाल्यावर कोमट पाणी लागतं. आतून तिला वन्संचा आवाज येत होता, दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न: लागतंय का, सांग, लागतंय का. आणि मू-शानचं उत्तर: नाही ताई, नाही, आता बरोबर आहे.